उरलेला पाय

कामरगावात विजयमालाच्या तोंडी लागायचं नाही, हे नव्या सुनांना अंगाची हळद उतरायच्या आत कळायचं. तिची स्वतःची सून योगिनी मात्र त्या तोंडातून सुटणार कशी? मुलगी निकिता पोटात असताना योगिनीला शुगर निघाली. बाळंतपणानंतर जाईल असं डॉक्टर म्हणाले होते, गेली नाही. विजयमालाने ते गावभर केलं.

"माह्या हरीओमच्या गळ्यात किडका माल बांधला इच्या बापानं," ती पाहुण्यांपुढे म्हणायची. योगिनी तिथेच चहाचे कप उचलत असायची. सणाला पुरणपोळी वाढताना विजयमाला तिच्या ताटापाशी थांबायची, सगळ्यांचं लक्ष जाऊ द्यायची आणि न वाढताच पुढे सरकायची. पोर अंगावरचं दूध सोडते न सोडते तोच तिने योगिनीला माहेरी धाडलं. पोर ठेवून घेतली.

"बरी झाली की ये."

"आत्याबाई, हे बरं होत नाई. सांभाळा लागते," योगिनी म्हणाली. हरीओम अंगणात मोटरसायकल पुसत राहिला.

नातलग मध्ये पडले आणि वर्षभराने योगिनी परत आली, तेव्हा निकिता तिला पाहून आजीच्या पदरामागे लपली. विजयमालाला ते आवडलं. तिने ते लपवलंही नाही.

पुढे शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. नर्सने विजयमालाचं बोट टोचलं, मशीनकडे पाहिलं आणि दुसरं बोट मागितलं. "मावशी, तुमची शुगर लय वाढेल हाये. जुनीच दिसते."

"हळू बोल," विजयमाला म्हणाली. गोळ्यांची पुडी तिने हातात घेतली आणि वाटेतल्या नालीत टाकली. घरात गोळ्या दिसल्या असत्या, तर सुनेपुढे मान खाली गेली असती. त्यापेक्षा रोग बरा, असं तिला मनापासून वाटलं.

तळपायांना मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. तूर कापून नेलेल्या वावरात एक खुंट चप्पल फोडून आत घुसला, आणि तिला घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. तिने हळद भरली, चिंधी बांधली. जखम चिघळली, तरी ती मोजे घालून फिरायची. शेवटी नवरा जगदेवने आपली बाज ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

"काहून?" तिने विचारलं.

"वास येऊन राह्यला तुया," तो म्हणाला आणि पांघरूण ओढून घेतलं.

अकोल्याला नेलं तेव्हा बोटं काळी पडली होती. डॉक्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "शुगर कधीपासून आहे?" विजयमाला भिंतीकडे पाहत म्हणाली, "शिबिरात सांगतलं होतं मले." योगिनी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. पाय गुडघ्याखालून कापला.

घरी आल्यावर योगिनीच तिला इन्सुलिन द्यायची, भाकर मोजून वाढायची. हात हलका होता, चेहऱ्यावर काही नसायचं. शिव्या ऐकायची विजयमालाची तयारी होती. त्या आल्याच नाहीत, आणि त्यामुळे तिला जेवण गोड लागेना.

मग हरीओमला कारंज्याला काम लागलं. निघायच्या सकाळी योगिनीने जगदेवला सुई कशी धरायची ते दाखवलं. "जेवण तयार असल्याबिगर द्याची नाई, मामाजी. घाम सुटला, हात कापाले लागले, तर लगेच साखरपाणी."

विजयमालाने तिचा पदर धरला. "थांब ना, बाई. याच्या हातून होत नाई हे."

योगिनीने पदर सोडवून घेतला. "तुमच्या हातून होईन. शिकून घ्या." निकिताचं बोट धरून ती जीपमध्ये बसली.

जगदेवने काही दिवस सुई दिली, मग वावराचं निमित्त काढलं. विजयमाला स्वतः शिकली. पोटाची चिमटी धरायची, टोचायचं. तळवा वाकून दिसत नाही म्हणून उरलेल्या पायाखाली आरसा धरायची. एका सकाळी आरशात टाचेला फोड दिसला.

"दवाखान्यात न्या मले," ती म्हणाली.

"उद्या पाहू. मजूर येऊन राह्यले," जगदेव म्हणाला आणि निघून गेला.

ती कुबड्या घेऊन एकटीच रस्त्यावर आली. जीपवाल्याने हात देऊन वर घेतलं. समोरच्या बाईने ओळखलं. "कुठं निंघाल्या, विजयमालाबाई?"

"मले शुगर हाये," विजयमाला मोठ्याने म्हणाली. "एक पाय गेला. दुसरा दाखवाले चालली."

बाई तिच्या पायाकडे पाहत राहिली. मग तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अंग चोरून खिडकीकडे सरकली. विजयमालाने मोकळ्या झालेल्या जागेवर पाय लांब केला.