तोंड न उघडण्याचा वर्ग

इस्पितळात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. मुख्य फाटकातून आत आलं की समोरच तिची खिडकी, आणि त्या खिडकीत गेली बावीस वर्षं ती. रक्त कुठे तपासतात, एक्स-रे कुठे काढतात, डोळ्यांचे डॉक्टर कितव्या मजल्यावर, हे दिवसातून दोनेकशे वेळा सांगायचं, आणि तेही दर वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशा उत्साहाने. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी आठला सुरू होई. त्यातून जे उरे ते संध्याकाळी नवऱ्याला ऐकावं लागे. नवरा शिंपी होता, मशीनच्या खडखडाटात त्याचं निभावून जाई.

अशा बाईला एक दिवस मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की आता जागोजागी चित्रांच्या पाट्या लागणार. वाचता येवो न येवो, चित्र बघून माणूस नेमका पोचला पाहिजे. आणि ही चित्रं बाहेरून आणायची नाहीत, कर्मचाऱ्यांनीच वर्गात शिकून, गट करून काढायची.

"पाट्या चालल्या तर या खिडकीची गरज उरणार नाही," साहेब म्हणाले. "मग तुम्हाला तळघरात जुन्या फायलींवर देऊ. निवांत जागा आहे."

साहेब हे बक्षीस दिल्यासारखं बोलले. बाईंना वेगळाच प्रश्न पडला. तळघरात बोलायचं कुणाशी, फायलींशी?

वर्ग आठवड्यातून दोन दुपारी, वरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी पोरगेलीशी होती, पण डोळ्यांत जरब. बाईंच्या गटात दोघेजण आले. एक फाटकावरचे पहारेकरी, त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरा रक्त काढणारा, त्याला सगळे टोचे म्हणत, आणि ते त्याला आवडत नसे म्हणून जरा जास्तच म्हणत.

पहिला खेळ सोपा होता. पाठीला पाठ लावून बसायचं, एकाने हातातलं चित्र तोंडी सांगायचं, दुसऱ्याने न बघता ते काढायचं. बाईंना किटलीचं चित्र मिळालं. त्या पाच मिनिटं न थांबता बोलल्या, आणि मामांनी इमानेइतबारे एक बसलेला हत्ती काढला. सगळा वर्ग पोट धरून हसला.

"सांगणाऱ्याला दिसतं ते समोरच्याला दिसतंच असं नाही," शिक्षिका म्हणाली.

"मला दिसलं होतं, सोंड काय, पाठ काय," मामा पुटपुटले.

दुसरा खेळ मात्र बाईंसाठी शिक्षा होता. आपलं चित्र भिंतीवर लावायचं, दुसऱ्या गटाने ते कशाचं ते ओळखायचं, आणि काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाईंच्या गटाने रक्ततपासणीसाठी पेन्सिलीने एक थेंब काढला होता. स्वयंपाकघरातल्या बायकांचा गट समोर होता. त्यांनी एकमताने सांगून टाकलं, "नळ गळतोय."

"अहो, तो—" बाई उसळल्या. शिक्षिकेने ओठांवर बोट ठेवलं. त्या ओठ दाताखाली धरून बसल्या.

मग तिघांनी डोकं लावलं. थेंबाच्या वर एक बोट आलं, बोटाशी सुई आली. या वेळी चित्र भिंतीला लागतं न लागतं तोच एका बाईने स्वतःचं बोट मुठीत लपवलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. चौकशीबाईंना इतका आनंद झाला, की हा आनंद आपल्याला तळघराकडे घेऊन चाललाय हे त्या घटकाभर विसरल्या.

शेवटी बाण आले. तिघांनी कागदावर इस्पितळाचा नकाशा मांडला, सगळे दरवाजे दाखवले, कुठे कुठला बाण ते ठरवलं. कागद दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडे जायचा होता. बाई खिडकीत परतल्या आणि सवयीने एका आजोबांना म्हणाल्या, "रक्त ना? तुमच्या डाव्या हाताला."

दिशा दाखवणारा त्यांचा हात तसाच हवेत राहिला. कागदावर त्यांनी बाण उजवीकडे काढला होता.

मग लख्ख उजेड पडला. तिघेही बावीस-बावीस वर्षं मागच्या दाराने कामावर येत होते. नकाशा काढताना तिघेही मनाने मागच्या दारातूनच आत शिरले होते. तिथून रक्ततपासणी उजवीकडेच येते. पण रोगी येतो पुढच्या फाटकातून, आणि त्याला प्रत्येक बाण उलट्या दिशेला, रक्ताचा तर थेट धोबीखान्यात नेऊन सोडणार.

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चक्क मशीन थांबवलं.

"पाट्या चुकल्या तर खिडकी राहील?"

"राहील."

"मग गप्प बस. बावीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसण्यात तुझा फायदा आहे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी गप्प बसून बघितलंही, जेवण होईपर्यंत. पण दुपारचे ते आजोबा काही डोळ्यांपुढून हलेनात. पुढच्या खेपेला उपाशीपोटी, काठी टेकत, बाणावर भरवसा ठेवून ते धोबीखान्यात ओल्या चादरींपुढे जाऊन उभे राहतील, तेही बाईंच्या हातच्या बाणामुळे. हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी कागद जायच्या आत बाईंनी टोचे आणि मामांना दंडाला धरून पुढच्या फाटकाबाहेर नेलं आणि म्हटलं, "आता रोग्यासारखे आत या." दोघे चार पावलं चालले आणि एकमेकांकडे बघून खजील झाले. मामा तर रोज त्याच फाटकावर उभे असत, पण इस्पितळाकडे पाठ करून.

नव्या बाणांच्या पाट्या लागल्या आणि खिडकीपुढची रांग आटली. माणसं येत, चित्र बघत, सरळ चालू लागत. बाईंना अभिमानही वाटला आणि रडूही आलं. तिसऱ्या दिवशी एक बाई रक्ततपासणीच्या बरोबर दारापर्यंत पोचलेली परत फिरून खिडकीशी आली.

"मला जागा सापडली हो," ती म्हणाली. "पण फार दुखतं का?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मागची रांग ढकलत असायची, विचारणार कधी? चौकशीबाईंनी तिला सगळं बोलू दिलं, आणि मुख्य म्हणजे स्वतः ऐकलं. आठवडाभरात असे कितीतरी जण आले.

मोठे साहेब बदलीचा कागद घेऊन आले तेव्हा खिडकीपुढे चौघे उभे होते. साहेब थांबले. खिडकीवर पेन्सिलीने काढलेलं एक नवं चित्र चिकटवलेलं होतं, समोरासमोर दोन खुर्च्या. साहेबांनी पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे काय आहे, आजोबा?"

"इथं बसून बोलता येतं," म्हातारा म्हणाला.

चौकशीबाई तोंड मिटून बघत राहिल्या. वर्गातला नियम तो नियम.

साहेबांनी चित्राकडे बघितलं, मग खाली रिकाम्या फरशीकडे. "पण बाहेर खुर्ची तर नाही," ते म्हणाले. कागदाची घडी खिशात घातली, आणि स्वतःच्या केबिनमधली खुर्ची आणायला गेले.