दिनकरचं डावं मनगट

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठे पडला?" त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते... पण दिनकर पोवारला ज्यांनी रियाधमध्ये पाहिलं होतं, त्यांच्यापैकी कोणीही हेच विचारलं असतं. "पडले नाहीत हो. जेवून आडवे झाले होते, उठलेच नाहीत," अश्विनी म्हणाली. या गोष्टीला आता महिना होत आला. इतकी हाडं मोडून घेतलेला माणूस शेवटी साध्या पलंगावर गेला, हे अजून मनाला पटत नाही.

आमची ओळख झाली तीही मोडलेल्या हाडामुळेच. साल दोन हजार चार-पाच असेल. मी रियाधमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी एका माणसाला आत आणलं. गुडघ्यापर्यंतचे बूट, अंगभर वाळू, डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला. टेबलावर झोपवताना तो पुटपुटला, "आई गं..." मी चमकून विचारलं, "कुठले?" तर वेदनेतही चेहरा उजळला. "कोल्हापूर. उद्यमनगरात गॅरेजात होतो." फिल्म धुऊन आली. गळपट्टीचं हाड सरळ दोन तुकडे झालं होतं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं मी सांगितलं तर तो म्हणाला, "सहा? अवो, पंधरा दिसांनी मोटारसायकलची रेस हाय की." पंधरा दिवसांनी तो खरंच पळाला आणि सोळाव्या दिवशी पुन्हा माझ्या टेबलावर आला.

तो मोटारसायकलींचा मेकॅनिक. त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अबू नासिर मूळचा उत्तरेकडच्या हाइल शहराचा, रियाधमध्ये त्याचं वर्कशॉप होतं. दिनकर रियाधमध्ये पळायचा तो वर्कशॉपमधल्या रोमेल नावाच्या फिलिपिनो सोबत्यामुळे. दोघे एकाच खोलीत राहत. शहराबाहेर या परदेशी कामगारांनी वाळू आणि मुरूम दाबून एक लंबगोल ट्रॅक केला होता. चार गाड्या, चार फेऱ्या, आणि वळणावर ब्रेक न मारता मागचं चाक घसरवत गाडी तिरकी काढायची. ही विद्या रोमेलने त्याला शिकवली. मी एकदा बघायला गेलो आणि डोळे मिटूनच बसलो. दिनकर मात्र खाली उतरल्यावर देवळातून आल्यासारखा शांत दिसत होता.

पुढे अबू नासिरने त्याला पळताना पाहिलं. हाइलला त्याच्या भावांचा क्लब होता, तिकडे हिवाळ्यात स्पर्धा होत. मग हिवाळ्यात एका आठवड्याला रियाध, दुसऱ्या आठवड्याला हाइल असं सुरू झालं. दोन्हीकडच्या स्पर्धा वेगळ्या, जर्सी वेगळ्या, आणि शरीर मात्र एकच. इथे सुजलेला घोटा घेऊन तो तिकडे जायचा आणि तिकडे खरचटलेली पाठ घेऊन इकडे यायचा. रियाधची पोरं चेष्टेत म्हणायची, "कफीलचा घोडा." ही चेष्टा त्याला लागायची, कारण ती खोटी होती. त्याचे वडील वारले तेव्हा अबू नासिरने स्वतः कचेरीत उभं राहून एका दिवसात त्याचे जाण्यायेण्याचे कागद करून दिले होते आणि विमानतळावर सोडायलाही तोच गेला होता. तो दिनकरला 'या वलदी' म्हणायचा, म्हणजे माझ्या पोरा, आणि दिनकर त्याला बाबा. आमच्या घरी भाकरी खाताना दिनकर एकदा म्हणाला, "वहिनी, एकाचा मी मित्र हाय आन् एकाचा पोरगा. आता सांगा, कुणाच्यात पळू?"  आमच्या हिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्या हंगामाच्या शेवटी दोन्ही क्लबांनी मिळून हाइलला एक सामना ठरवला. दिनकर हाइलकडून उतरणार आणि रोमेल रियाधकडून. आठ दिवस आधी दुपारच्या वेळी, डिपार्टमेंट रिकामं असताना, दिनकर एकटाच माझ्याकडे आला. "दादा, एक फोटो काढा. डॉक्टरची चिठ्ठी न्हाई." चिठ्ठीशिवाय एक्स-रे काढणं म्हणजे नोकरी आणि इकामा, तिथे राहण्याचा परवाना, दोन्ही घालवणं. तरी मी काढला. डाव्या मनगटातल्या एका लहानशा हाडात बारीक रेघ दिसत होती.

"प्लास्टर लागेल. हा हात क्लचचा आहे, दिनकर. उतरू नकोस."

"न्हाई उतरलो तर बाबा म्हणणार, मित्रासाठी मागं सरला. मनगटाचं सांगितलं तर म्हणणार, निमित्त शोधलं. आन् रोमेलला कळलं तर त्यो मला सांभाळून पळणार, मग रियाधची पोरं त्याला खाणार."

"मग?"

"मग काय... तुमी कुणाला बोलू नका."

त्याने फिल्म गुंडाळून पिशवीत घातली. मी बोललो नाही. मैत्री म्हणून बोललो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर मी माझ्या इकाम्यालाही घाबरलो होतो.

दुसऱ्या शहरी जायला लागायचं ते हॉस्पिटलचं परवानगीचं पत्र घेऊन मी हाइलला गेलो. घरात बसवलंच नसतं. वाटेत वाळवंटात मधूनच गव्हाची हिरवी गोल शेतं दिसायची आणि पुन्हा नुसती तांबडी माती. ट्रॅकवर दिनकरने मनगटाला चिकटपट्टी गुंडाळून वर हातमोजा चढवला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. शेवटच्या शर्यतीत तो आणि रोमेल एकमेकांविरुद्ध उतरले. तिसऱ्या फेरीच्या वळणावर पुढे असलेल्या रोमेलची गाडी घसरली आणि तो ट्रॅकच्या मधोमध पडला. मागून दिनकर त्याच्यावरच येत होता. माझ्या शेजारचे सगळे उभे राहिले... आणि दिनकरची गाडी एकदम आडवी झाली, त्याला घेऊन कडेच्या पत्र्यावर आदळली. गाडी रोमेलपासून हातभर अंतरावरून गेली होती, तो धडधाकट. मागून आलेल्या तिसऱ्याच गड्याने शर्यत जिंकली.

तिथल्या हॉस्पिटलात मनगटाचा चुरा झाल्याचं कळलं. हाइलची माणसं बाहेर उघड बोलत होती, मित्रासाठी याने मुद्दाम गाडी पाडली. अबू नासिर आत आला, पलंगाशी उभा राहिला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "दिनकर, सच बोलो. तुम गिराया?"

दिनकरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां बाबा. गिराया. वो सामने पड़ा था."

 अबू नासिर "खलास" एवढं म्हणून निघून गेला. आम्हाला वाटलं, आता याला परत पाठवणार. तसं झालं नाही. हात बरा झाल्यावर वर्कशॉपमधली जागा त्याला परत मिळाली. पण हाइलला त्याला पुन्हा कधी नेलं नाही, आणि 'या वलदी' ही हाकही पुन्हा ऐकू आली नाही. दिनकर त्याबद्दल एकदाच बोलला, "नावानं हाक मारतोय आता. दिनकर म्हणतोय." डाव्या हाताची पकड गेलीच होती. त्यामुळे रियाधच्या ट्रॅकवरही तो फक्त दुसऱ्यांच्या गाड्या नीट करायला जायचा. रोमेल त्याला भाऊ मानू लागला आणि भेटेल त्याला ती गोष्ट सांगू लागला. मीही सांगायचो. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत मी ती कितीदा रंगवून सांगितली असेल!

पुढे तो कोल्हापूरला परतला, त्यानंतर काही वर्षांनी मीही आलो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गॅरेजात चहा पिताना मी धीर करून म्हणालो, "तेव्हा मी कुणाला तरी सांगायला हवं होतं, दिनकर. तू उतरला नसतास, हात वाचला असता." तो स्पॅनर पुसत होता.

"दादा, एक सांगू? मी गाडी पाडली न्हाई. मनगटातनं कळ आली आन् हात सुटला. रोमेलला मी बगितलंबी न्हवतं नीट."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मग अबू नासिरला तसं का सांगितलंस?"

"दुखत होतं म्हटलं असतं तर पुढचा सवाल काय आला असता? कवापासनं? फोटो काढलास का? कुणी काढला?" तो हसला. "तुमची बायको, पोरगी तिकडं होती. मी तिथं एकटा जीव. मला पाठवलं असतं तर मी घरीच आलो असतो की."

दोन क्लबांच्या ओढाताणीत सापडलेला माणूस म्हणून मी त्याला ओळखत होतो. त्या पलंगावर तिसरी बाजू माझी होती आणि त्याने तीच निवडली होती, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं. ज्याचा तो पोरगा होता, त्याच्यासमोर माझ्यापायी त्याने स्वतःवर बेइमानी ओढवून घेतली होती. "रोमेलला खरं सांगू का?" मी विचारलं. "नगा," तो म्हणाला. "त्याला बरं वाटतंय त्यात. ऱ्हाऊ द्या." परवा रोमेलने मनिलाहून फोन केला, खूप रडला. त्याने माझा जीव वाचवला, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी हो म्हणालो. हा लेख तो वाचू शकणार नाही, याचं मला बरं वाटतं.

तेराव्यानंतर कोल्हापूरला गेलो होतो. परत निघताना अश्विनी म्हणाली, "काका, स्टँडवर सोडते," आणि तिने अंगणातली दिनकरची जुनी मोटारसायकल काढली. डाव्या मुठीला लिव्हरच नव्हता. क्लच त्याने उजवीकडे, पुढच्या ब्रेकच्या जागी बसवून घेतला होता. एकाच हाताने क्लच सोडायचा आणि त्याच हाताने गॅस द्यायचा. ही गाडी त्याच्याखेरीज कोणाला जमत नसे. "एका दुपारचं काम आहे, पूर्ववत करून घे ना," मी म्हणालो. मेकॅनिकची पोरगी ती, स्वतःच करू शकली असती. तिने मान हलवली. "नको. मी शिकतेय." पहिल्या कोपऱ्यावर गाडी बंद पडली, दुसऱ्यावरही पडली. मागून रिक्षावाले हॉर्न देत होते. तिचा डावा हात मुठीवर नुसता ठेवलेला होता, बोटं सैल. तिसऱ्या कोपऱ्यावर मात्र तिने क्लच हळूच सोडला आणि गाडी न अडखळता पुढे गेली.