पाभरीची चोच

सातवीत मी शेतीच्या पेपरात पाखरू काढून आले. प्रश्न होता, 'पाभरीची आकृती काढून भाग दाखवा.' मी ऐटीत चोच काढली, पंख काढले, बाण मारून नावं दिली. शेपूट जरा लांबट झालं, तेवढीच काय ती रुखरुख.

आता नातीच्या शाळेत शेती हा विषय परत येणार म्हणे. ती विचारत होती, "आजी, तुमच्या वेळी होता का गं?" होता की. पोरांना शेती, पोरींना शिवण, अशी सरळ वाटणी. निंदायला, खुडायला, वेचायला बाया लागायच्या. शेतीच्या तासाला तेवढ्या नको असायच्या. मी तोंड फुगवून शिवणाच्या वर्गाबाहेर उभी राहायला लागले, तेव्हा गुरुजी वैतागून म्हणाले, "बस शेतीला. पण चाचणीत नापास झालीस तर परत शिवणात."

नापास, आणि मी? शेतकऱ्याच्या लेकीनं शेतीचं पुस्तक उघडायचं, हा मला अपमानच वाटला. पोरं घोकत बसायची आणि मी त्यांच्याकडं बघून हसायची. फार हुशार होते मी, काय सांगू.

पेपर वाटताना गुरुजींनी माझं पाखरू अख्ख्या वर्गाला दाखवलं. हसून हसून पोरं आडवी झाली. मग त्यांनी पुस्तकातलं चित्र माझ्यापुढं धरलं. बघते तर काय, आमची तिफण. पेरणीला बाबा बैल हाकायचे आणि मागून मी चाड्यात मुठीनं बी सोडायची, तीच. पुस्तक लिहिणारे तिकडं पुण्याकडचे. त्यांच्यात तिला पाभर म्हणतात, हे आमच्या गोरेगावच्या बाजारात कुणी कळवलं नव्हतं. पुस्तकात छापलं होतं म्हणा, पण ते उघडणार कोण?

"गुरुजी, हिच्यानं तर मी दरसाल पेरते," मी म्हणाले.

"पेरत असशील. पेपरात पाखरू आहे. उद्या सुई-दोरा घेऊन ये."

घरी येऊन मी चुलीपाशी बसून हुंदके देत सगळं सांगितलं. शेती गेली, पोरं हसली, शिवण नशिबी आलं. आईनं ऐकून घेतलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

"काहून रडून राहिली? शिवणाच्या पुस्तकात सुईला काय म्हणून राहिले, ते आधी बघून घे."