टिटवीची गाठ

"काका, ही दोरी कोणाची?"

"माझीच. का, काय चुकलं तिचं?"

"ट्रॅकची एक फेरी जवळजवळ चार मीटर जास्त भरतेय."

मोजणीवाल्या बाई हे अगदी सहज बोलल्या. फक्कीकाकांच्या हातातली चुन्याची पाटी मात्र तिथल्या तिथे कलली आणि पायावर पांढरा ढीग झाला.

राज्याच्या स्थापनेचं पन्नासावं वर्ष होतं, सरकारी पैसा सुटला होता. जुन्या नाट्यगृहाला रंग लागला, संग्रहालयाचं गळकं छप्पर बदललं आणि फिरत फिरत ती लक्ष्मी या मैदानावरही आली. तांबडा रबरी ट्रॅक होणार होता. खोदाई परवा. त्याआधी बरोबर मापाची रेघ मारून ठेवा, एवढं सांगून बाई गेल्या.

काकांची रीत साधी. वळणाच्या पोटात खुंटी, खुंटीला दोरी, टोकाला आपण. गोल फिरत चुन्याची फक्की सोडत जायचं. टेप ताणली की खोटं बोलते, असं ते उभ्या मैदानाला ऐकवत आले होते. आता दोरी हातात धरली आणि अंगठ्याखाली एक जुनी गाठ आली.

बत्तीस वर्षांपूर्वी टिटवीने नेमकी आतल्या रेघेवर चार अंडी घातली होती. काकांनी दोरीला दोन फुटांचा तुकडा जोडला आणि रेघ अंड्यांच्या बाहेरून नेली. दोन्ही वळणं सारखी दिसावीत म्हणून दुसरंही त्याच दोरीने मारलं. पिल्लं गेली. गाठ राहिली, आणि ती आहे हेच काका विसरले.

त्याच उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण इथे एक फेरी धावली. गावोगावच्या वेळा वर जायच्या आणि त्यावरून निवड व्हायची. तिचं नाव अर्ध्या सेकंदाने हुकलं. दुसऱ्या दिवशी तिने बूट देऊन टाकले आणि इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायला लागली. पुन्हा मैदानाकडे फिरकली नाही. तो अर्धा सेकंद मात्र घरात तिसऱ्या माणसासारखा राहत होता.

संध्याकाळी काका ताट बाजूला सारून उठले. बहीण इस्त्री करत होती. त्यांनी खाली मान घालून अंड्यांपासून गाठीपर्यंत सगळं सांगून टाकलं. इस्त्री थांबली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली.

"पिल्लं निघाली होती का, दादा?"

"चारही."

"मग चौघांसाठी चार मीटर. हिशेब चोख आहे तुझा." ती हसली नाही. करपलेल्या कापडाची घडी घालत म्हणाली, "उद्या मी येते."

सकाळी मैदानावर असं धुकं होतं की आकाश कुठे संपतं आणि फक्की कुठे सुरू होते, कळू नये. बहीण चपला हातात घेऊन आली. गाठ चुना पिऊन दगड झाली होती, काकांच्या दातांना दाद देईना. ते कोयता आणायला निघाले.

"कापू नको," ती म्हणाली. चादरीचे डाग काढणारे हात ते. तिने झारीतलं पाणी थेंब थेंब सोडलं, बोटांनी चोळत राहिली, आणि गाठ झोपेतल्या मुठीसारखी सैल झाली. दोन फुटांचा तुकडा गवतात पडला. काकांनी दोन्ही वळणं नव्याने मारली.

ती धावली नाही. अनवाणी, आतल्या रेघेला धरून चालत निघाली आणि वळणावर धुक्यात विरून गेली. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती. काकांना वाटलं, पलीकडून आता बूट घातलेली, वेणी उडवणारी पोरगीच बाहेर येईल.

बाहेर आली ती बहीणच. पन्नाशीची, पायांना चुना लागलेली.

"अंतर कमी वाटलं रे," ती म्हणाली. चपला घातल्या आणि कामावर गेली.

काकांनी वळणाकडे एकदा पाहिलं. मग पाटी भरली. बाहेरच्या सात रेघा अजून मारायच्या होत्या.