शांघायला जाण्याआधी भेटलेली आजी

मराठी घरात दाण्याचं कूट नाही म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही. आमच्या घरात ते खरोखरच नाही. माझा नवरा मिलिंद लहान असताना नागपूरला कुणीतरी कौतुकानं त्याच्या हातावर दाण्याचा लाडू ठेवला आणि पोराचा श्वासच कोंडला. कसाबसा वाचला. तेव्हापासून सासूबाईंनी घरात दाणा येऊ दिला नाही, साबुदाण्याच्या खिचडीतसुद्धा नाही. लग्नानंतर मी मिशिगनमध्ये, नोव्हायला यायला निघाले तेव्हा त्यांनी माझ्याबरोबर दोन गोष्टी दिल्या, दत्ताची तसबीर आणि ही भीती. रोज दिवा लावत होते मी, पण मनात जागा जास्त होती ती भीतीला.

मिलिंद गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात कंपनीनं त्याला शांघायजवळच्या नव्या प्लांटवर पाठवायचं ठरवलं. आमच्यापैकी कुणीच कधी चीनला गेलं नव्हतं.

“तिथे म्हणे शेंगदाण्याच्या तेलातच सगळं करतात,” मी म्हटलं.

“अगं, नूडल्सची पाकिटं नेतोय ना मी. आणि ॲलर्जीचं इंजेक्शन असेलच बॅगेत.”

“नाही म्हणून सांग ना त्यांना.”

“ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. नाही कसं म्हणू?” तो थकून म्हणाला.

त्या गुरुवारी दिवा लावताना माझ्या मनात आलं, देवा, तू इथे आहेस तरी का? की तिकडेच औदुंबराखाली राहिलास आणि मी इथे नुसत्या काचेपुढे हात जोडतेय? असा प्रश्न विचारताना भीती वाटायला हवी होती. मला काहीच वाटलं नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं.

दुपारी बर्फ पडायला लागलं. आमची रेवा शाळेत होती. शेंगदाण्याला चिनी अक्षरात काय लिहितात ते तरी बघावं, म्हणून मी जवळच्या चायनीज ग्रोसरीत गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालकीणबाई काउंटरवर काहीतरी निवडत बसल्या होत्या. मी आत, सॉसच्या बाटल्यांच्या रांगेत शिरले आणि एकेक लेबल वाचू लागले. शेजारीच जिवंत माशांच्या मोठ्या टाक्या होत्या. त्यांच्या पंपाची घरघर सुरू होती. ती मध्येच थांबली. मी वर बघितलं तर टाकीतले सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून निश्चल उभे होते. ते बघत होते तिकडे एक म्हातारी उभी होती.

ठेंगणी, करड्या रंगाचा कोट, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. बाहेर घोटाभर बर्फ होतं, पण तिचे कापडी बूट कोरडे होते. तिनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

“नवरा चाललाय,” ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

ती कोणत्या भाषेत बोलत होती हे मला आजही सांगता येत नाही. इंग्रजीच असणार. पण आठवतो तो फक्त अर्थ. आपली माहेरची बाई परगावी निघालेल्या माणसाला सांगते तसं ती सांगत होती. विमानतळावर जवळ येऊन हाका मारणाऱ्यांच्या टॅक्सीत बसायचं नाही, रांगेतल्याच टॅक्सीत बसायचं. हॉटेलचं चिनी अक्षरातलं कार्ड कायम खिशात, कारण ड्रायव्हरला इंग्रजी नाव कळत नाही. सिग्नल हिरवा झाला तरी वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, बघून रस्ता ओलांडायचा. नळाचं पाणी प्यायचं नाही, उकळलेलं मागायचं. टॉयलेटमध्ये कागद नसतो, आपला जवळ ठेवायचा. रस्त्यात कुणी गोड बोलून चहाला बोलावलं तर जायचं नाही.

मी मान डोलावत होते. मग तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

“ह्वाशंग,” ती म्हणाली. “शेंगदाणा. आहे का म्हणून विचारायचं नाही. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून नाही म्हणतील. सांगायचं, खाल्लं तर मी मरेन.”

ते वाक्य तिनं मला चिनीत म्हणायला लावलं. चुकलं की मनगट दाबायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. शेंगदाण्याबद्दल मी तिला एक अक्षरही बोलले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. वाक्य जमल्यावर ती म्हणाली, “औषध कमरेला बांध. बॅग त्याच्याजवळ नसेल.”

पंप पुन्हा घरघरला. मासे फिरायला लागले. रांगेत मी एकटीच होते.

घरी येऊन मी मिलिंदसाठी इंजेक्शन ठेवायला कापडी पट्टा शिवला. तो वैतागला. “सुटाच्या आत हे बांधू? लोक हसतील यार.” पण माझा चेहरा बघून त्यानं तो बांधून बघितला. ते वाक्यही मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

तो गेल्यावर एका सकाळी मी रेवाचा डबा भरत होते. फोन वाजला. रेवानं उचलला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

“कोण आहे गं?”

“आय डोन्ट नो, आई. सम आजी. शी इज सिंगिंग.”

मी फोन कानाला लावला. कुणीतरी मोठ्या कष्टानं श्वास घेत होतं, घशात अडकून अडकून. त्याच्यावर एक म्हातारा आवाज, तान्ह्या बाळाला थोपटताना निघतो तसा, संथ. मी मिलिंद, मिलिंद म्हणून ओरडले. श्वास हळूहळू मोकळा होत गेला, सरळ झाला, आणि फोन बंद पडला. मी तसबिरीपुढे जाऊन बसले. काही मागावं असं सुचेना. एवढंच म्हटलं, आता तूच बघ.

दुपारच्या आत मिलिंदचा फोन आला. आवाज बसलेला. प्लांटच्या लोकांनी त्याला जेवायला नेलं होतं. ते वाक्य त्यानं आल्या आल्या सांगितलं होतं, आणि लिन नावाच्या इंजिनिअरनं ते स्वयंपाकघरातही कळवलं होतं. तरी एका थंड पदार्थावरच्या चटणीत दाणे वाटलेले निघाले. घसा आवळला. बॅग गाडीत होती आणि ड्रायव्हर गाडी घेऊन दुसऱ्या कुणाला आणायला गेला होता.

“कमरेला इंजेक्शन नसतं तर...” तो म्हणाला. “आणि वाक्य ऐकलेलं होतं ना, म्हणून सगळ्यांना लगेच कळलं काय झालंय ते. लिननं टॅक्सी थांबवून हॉस्पिटलला आणलं. आता ठीक आहे मी.”

“तू सकाळी मला फोन केला होतास?”

“कशावरून करणार? मोबाईल बॅगेतच होता.”

पुढे मी आभार मानायला त्या दुकानात गेले. मालकीणबाईंना म्हातारीचं वर्णन करून सांगितलं. त्या गोंधळल्या.

“त्या दिवशी तुम्ही एकट्याच होतात,” त्या म्हणाल्या. “बराच वेळ मोठ्यानं पाठ करत होतात. माझा नवरा आतून म्हणाला, शिकतायत, करू दे.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला शिकवलं कुणी? उच्चार शहरातले नव्हते. आमच्या डोंगराकडच्या खेड्यात जुनी माणसं असं बोलायची. आता कुणी उरलं नाही.”

आम्ही दोघी त्या रांगेकडे बघत राहिलो.

मी कुणाशी वाद घालत नाही. ती माझ्या घाबरलेल्या मनानं उभी केली असेल, असं मिलिंद म्हणतो. असेल. पण माझ्या मनाला ह्वाशंग हा शब्द ठाऊक नव्हता. दत्तगुरू कोणत्याही वेषात येतात असं लहानपणापासून ऐकत आले. तो वेष मी मात्र आपल्याकडचाच धरून चालले होते. येणाऱ्यानं मला ओळखीचं वाटेल असं रूप घ्यावं, माझ्याच भाषेत बोलावं, ही माझी अट होती. त्यानं ती अट मोडली आणि माझं माणूस परत दिलं.

वसंतात मिलिंदला पुन्हा जावं लागलं. डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यानं सवयीनं विचारलं, “बोल, काय काय सांगायचंय?”

खूप काही ओठांवर आलं होतं. पण मी त्याच्या कॉलरवरचं रेवाच्या खडूभरल्या बोटाचा डाग पुसला, म्हटलं, “नीट जा,” आणि त्याचा हात सोडला. तो गर्दीत शिरला, दिसेनासा झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो दिसत नव्हता आणि मला भीती वाटत नव्हती.