समुद्रातल्या जनावराला पाय

गुणवंताच्या हातचा गणपती डोळे मिटून न्यावा, असं पांढुर्ण्यात लोक म्हणत. तीस वर्षं तो माती मळत आला. साचा कधी वापरला नाही, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत गेलं तरी सोंडेचं वळण बदललं नाही. हट्टी माणूस. पण या हट्टाचाच त्याच्या मुलीला, तृप्तीला, भारी अभिमान. सौसरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी ही पोर सुट्टीत बापाशेजारी बसून चिखलात हात घाली.

यंदा गावच्या गणेश मंडळानं देखावा ठरवला डायनासोरच्या पिक्चरांचा आणि काम गुणवंताला दिलं. चार डायनासोर झाले. पाचवं जनावर समुद्रातलं, लांबलचक जबड्याचं, पायांच्या जागी पोहायचे पर असलेलं. त्याची चित्रं तृप्तीनं शोधली, मापं तिनंच काढली. एकेक पर दोघांनी चार-चारदा मोडून घडवला. देवाशिवाय आयुष्यात काही धड केलं असेल तर हेच, असं गुणवंताला वाटलं.

मग मंडळाचे सल्लागार, निवृत्त मुकुंद सर, बघायला आले. चष्मा पुसून म्हणाले, "हा डायनासोर नव्हे. डायनासोरच्या देखाव्यात याचं काय काम?"

"नाहीच हा डायनासोर, सर," तृप्ती म्हणाली. "पण त्याच काळातला आहे, अन् पिक्चरमध्ये बी आहे. तिथं चालते, तं इथं काऊन नाही?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायची कुणाला गरज वाटली नाही. मंडळाचा अध्यक्ष आशिष याला उद्या येणाऱ्या देखावा-स्पर्धेच्या परीक्षकांची धास्ती. त्यानं अक्कल चालवली, "गुणवंताभाऊ, पाय लावून द्या ना याले. मंग तं डायनासोर होते. नाही जमत तं पुढच्या साली मंडळाचा गणपती दुसऱ्याकडून आणतो आम्ही."

मंडळाचा मोठा गणपती बावीस वर्षं गुणवंताच्याच हातचा. पाय लावले म्हणून हे जनावर डायनासोर होत नाही, हे मुकुंद सरांना चांगलं ठाऊक होतं. तेही मूग गिळून बसले.

तृप्ती बापाकडे बघत होती. तो नकार देणार, याची तिला खात्री होती. गुणवंतानं तिच्याकडे न बघता करवत उचलली.

दुसऱ्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना तर ते पायांचं जनावरच फार आवडलं. मुकुंद सरांनी गुणवंताच्या खांद्यावर शाल टाकली. ती काढून फेकावी, असं त्याला वाटलं. फेकली नाही. वाकून नमस्कार केला.

घरी तृप्ती बॅग भरून बसली होती. तिला सौसरची बस पकडायची होती.

"बाबा, उद्या त्यायनं म्हटलं तं गणपतीची सोंडही काढसान का?"

गुणवंतानं खांद्यावरची शाल काढून तिची घडी घातली. तृप्तीनं बॅग उचलली.