घोड्याला लावलेला हात

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. मित्रांत बसल्यावर दोन-तीनदा जिभेवर आलं होतं — मग विषय बदलला. आज तुम्हाला सांगतो. का तुम्हाला? ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून असेल.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला मोशीत. आमच्याच चौकात शेख चाचांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. रविवारी सकाळी ते माझ्या बाइकवर मागे बसायचे आणि आम्ही चिंचवडला बुद्धिबळ क्लबात जायचो. लातूरहून मी इथं आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. क्लबात मला नेलं ते त्यांनी. खेळताना घाई करू नये, हेही त्यांनीच शिकवलं.

त्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत मी पहिल्यांदाच गुणांत सगळ्यांच्या वर होतो. शेवटून दुसरी फेरी, आणि समोर चाचा. ती जिंकली की ढाल जवळपास माझीच. ऑफिसात तसं सांगूनही बसलो होतो — माणूस किती उतावळा असतो, बघा.

डाव माझ्याकडे झुकला होता. मी घोड्याला हात लावला. लावला म्हणजे — बोटांत धरला, जेमतेम उचललाही. तेवढ्यात दिसलं, घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडतोय. त्यांचा उंट तिरका रोखून बसलेला. मी बोटं सोडली. हात मांडीवर घेतला आणि विचार करत असल्यासारखा बसलो.

नियम सगळ्यांना ठाऊक असतो. ज्या सोंगटीला हात लावला, तीच खेळायची.

चाचा हळू आवाजात म्हणाले, "सुनील, घोड्याला हात लावलास बेटा."

मी म्हणालो, "नाही चाचा."

इथपर्यंत मी नुसता खोटारडा होतो. इथं थांबलो असतो तरी आज हे सांगत बसलो नसतो, बहुतेक.

पंच आले. शेजारच्या पटांवरच्यांना विचारलं, पण जो तो आपल्या डावात होता. चाचा म्हणाले, "मी पाहिलंय." एवढंच. आवाज चढवला नाही. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं — ते चाचांचंच ऐकणार. चाचांचा शब्द त्या हॉलमध्ये कुणी मोडत नसे.

आता एक गोष्ट मागची सांगायला हवी. दोन-तीन रविवार आधी, सिग्नलला थांबलो असताना, चाचा माझ्या पाठीमागून म्हणाले होते की हल्ली त्यांना विसरायला होतं. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना, गल्ला कुलूप लावून बंद केला का तेही आठवेना. "घरात बोललो नाही. तूही कुणाला बोलू नको," असं म्हणाले. त्यांच्या अब्बांचं शेवटी तसंच झालं होतं. घरच्यांची नावंही उरली नव्हती. भीती वाटत होती त्यांना. ती त्यांनी मला एकट्याला सांगितली होती.

आणि मी पंचांना म्हणालो, "सर, चाचांना आजकाल जरा विसरायला होतं. ते स्वतःच मला बोललेत."

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता — राग असता तर बरं झालं असतं. ते पटाकडे बघायला लागले, घोड्याकडे, जणू तोच सांगणार होता. मग म्हणाले, "असेल. माझीच चूक झाली असेल." पंचांची माफी मागितली. माझीही मागितली. पुढं ते कसेही खेळले आणि हरले.

पण याहूनही वाईट परतीच्या वाटेवर झालं. मोशी जवळ आली तसे चाचा मागून पुढं झुकले. मग विचारलं, "खरंच लावला नव्हतास ना? डावाचं जाऊ दे. मला माझ्या डोक्याचं कळायला हवं."

कळतंय ना तुम्हाला, ते काय विचारत होते? आता ना पंच होते, ना माणसं. डाव तर मी जिंकलेलाच होता. खरं बोललो असतो तर त्यांची एक भीती तरी कमी झाली असती. मी रस्त्यावर नजर ठेवून म्हणालो, "नाही चाचा."

"बरं," म्हणाले. "मग पोरांना सांगायला पाहिजे."

त्यांनी सांगितलं. पोरांनी काळजीपोटी त्यांना गल्ल्यावरून उठवलं, त्यांची स्कूटर विकली. क्लबात ते पुन्हा आले नाहीत. ढाल मला मिळाली.

यंदा ईदला गेलो होतो. चाचा छान बोलत होते. माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं त्यांनी आपणहून विचारलं, कोणता गुडघा तेसुद्धा त्यांच्या लक्षात होतं. मी विचारलं, एखादा डाव मांडायचा का? तर हसून म्हणाले, "नको, माझा मलाच भरवसा नाही." सूनबाई शीरखुर्मा घेऊन आल्या. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, "हा सरळ पोरगा आहे. मीच एकदा याच्यावर खोटा आळ घेतला होता."

मी वाटी संपवली. सूनबाईंनी आणखी वाढलं. तेही खाल्लं.